पातालपानीचं रीळ

आबा, सकाळची वेळ आहे आणि आई पोळ्या करते आहे. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभे आहात, हातात डाख लावायचं लोखंड. विजेवर तापणारं तुम्हाला पसंत नव्हतं, त्याची धग टिकत नाही म्हणायचात. आई तुमच्याकडे न बघता तवा उतरवते, शेगडी मोकळी करून देते आणि पोळपाट गुडघ्याशी ओढून घेते. मी शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये पाटावर बसले आहे, दोन्ही हातांत एकेक तार धरून. हलायचं नाही अशी ताकीद आहे. तुम्ही लोखंड निखाऱ्यांतून काढता, डाख वितळतो, आणि त्यातला एक थेंब उडून आईने नुकत्याच लाटलेल्या पोळीवर पडतो. पांढरा, चकचकीत. तुम्ही वाकून बघता आणि म्हणता, "घ्या, आज चांदीचा वर्ख." आई पदर तोंडाला लावून हसते. मी हसते आणि तार हलते, आणि तुम्ही ओरडत नाही.

इथून सुरुवात करायची असं मी ठरवलं होतं. पुढे जे लिहायचं आहे त्यात आपण तिघं एकदम हसलो असं फारसं काही नाही.

तुम्ही घरात थेटर बांधत होतात. इंदूरला तेव्हा असं कोणी ऐकलंही नव्हतं. संस्थानचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, मग मध्यभारतही गेला, आणि नवा मध्यप्रदेश झाला तेव्हा राजधानीही भोपाळला गेली. दरबारच्या वीजघरात तुमच्या हाताखाली काम केलेली माणसं मोठी होऊन भोपाळला निघून गेली आणि तुम्ही इथेच राहिलात, त्याच टेबलाशी, वरचा साहेब मात्र तुमच्यापेक्षा वयाने लहान. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही कोट काढायचात आणि कोणाशी न बोलता आराखडे काढत बसायचात. आज मला वाटतं, बाहेर तुम्हाला बघून उठून उभं राहणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तुम्ही असा दिवाणखाना करायला घेतलात जिथे तुम्ही म्हणाल तेव्हा अंधार होईल, आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच उजेड.

काय सुंदर बांधलंत पण! प्रोजेक्टर महूच्या छावणीतल्या डिस्पोजलचा, फौजेने काढून टाकलेला. त्याची खडखड ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही आईच्या कोठीघराच्या भिंतीला भोक पाडून त्यात काच बसवलीत. गव्हाच्या कोठ्या पडवीत गेल्या आणि त्यांच्या जागी यंत्र आलं. स्पीकरसाठी सागवानी खोका केलात, माझ्या छातीएवढा उंच, आणि आवाज घुमू नये म्हणून आतून मिलचा कापूस भरलात. तो मी आणि ताईने पिंजला. पडद्याचं कापड मिलमधून मुद्दाम रुंद विणून आणलं, कारण सांधा असला तर तो नेमका माणसांच्या तोंडावरून जातो. आईने ते धुतलं, नीळ घातली, खळ दिली आणि ओलं असतानाच चौकटीला ताणून बांधलं. माझी बोटं बारीक, म्हणून फिल्म ओवायचं काम माझं. कोठीतल्या अंधारात गव्हाचा आणि तापलेल्या दिव्याचा वास एकत्र यायचा. अजूनही कुठे धान्याच्या दुकानापाशी उभी राहिले की मला दिवा लावायची आणि बंद करायची खूण आठवते: तुमचा उजवा हात, खांद्यापर्यंत वर.

पडदा तुम्ही कुठे लावलात ते लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दिवाणखाना आणि माजघर यांच्यामधल्या मोठ्या दारात. दिवाणखान्यात पुरुष खुर्च्यांवर. माजघरात बायका, पडद्याच्या मागच्या बाजूने. दरबारी घराणं, गोषा मोडायचा नाही. शहरातल्या बायका तेव्हा उघड थेटरात जाऊन बसत होत्या, आणि आईलाही एकदा जायचं होतं. तुम्ही म्हणालात, "गर्दीत जायचं कशाला? थेटरच तुमच्या घरी आणतो." आणलंत. पहिल्या चाचणीला तुम्ही मला मागे उभं केलंत आणि समोरून विचारलंत, "दिसतं का?"

"दिसतं, पण उलटं. सगळे डावखुरे आहेत."

"उलटं तर उलटं. दिसतं ना?"

आईने ते कापड मागून ओल्या हाताने थोपटून पाहिलं. भिजलं की चित्र जास्त उजळ येतं हे तिचं तिनेच शोधून काढलं. मग दर रविवारी खेळाच्या आधी ती बादली घेऊन पडदा मागून शिंपडायची. एक अडचण मात्र जाईना. मागून बघताना पडद्याच्या मधोमध भिंगाचा पांढरा डाग दिसायचा, आणि चित्रातला माणूस मधे आला की त्याचं तोंड त्या डागात जळून गेल्यासारखं व्हायचं. त्यासाठी बायका बसल्या जागी डावी-उजवीकडे सरकायच्या.

सगळा डिस्पोजलचा माल तुम्हाला मिळवून देणारा महूच्या डेपोतला तो तरुण कारकून तुम्हाला आवडायचा हे तुम्ही नाकारू शकत नाही. त्याचे वडील फौजेत हवालदार होते. घरातले सगळे नुकतेच बौद्ध झालेले. कुठल्या लिलावात काय निघणार ते तो आधी कळवायचा आणि अँप्लिफायरचा एकेक काचेचा व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून बसने घेऊन यायचा. तुम्ही त्याला "आओ भिया" म्हणून पडवीत बसवायचात. त्याचा कप पडवीतल्या कोनाड्यात वेगळा असायचा, आणि तो स्वतःच विसळून ठेवायचा. ताई कॉलेजात होती. एकदा चहा घेऊन गेली आणि आपल्या हातातला कप त्याला देऊन कोनाड्यातला स्वतः घेऊन बसली. तुम्ही तेव्हा खोक्याला पॉलिश करत होतात. बोळा फिरवत राहिलात. थेटर पूर्ण झालं त्याच हिवाळ्यात ताईने महूला जाऊन त्याच्याशी लग्न केलं.

तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. ताईच्या खोलीला कुलूपही घातलं नाहीत. तिथे रिकाम्या रिळांचे डबे ठेवलेत. तिचं नाव घ्यायचं नाही असंही कधी म्हणाला नाहीत, आणि तरी आम्हाला ते कळलं. महू म्हणजे बसने तासाचा रस्ता. आईने एकदाच विचारलं, "मी जाऊन येऊ का?" तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "अवश्य. परत यायची घाई करू नका."

आणि मग पातालपानीचं रीळ, महूजवळच्या धबधब्याचं. तुम्ही स्वतः काढलेल्या रिळांत ते सगळ्यांत चांगलं, पाणी तर असं की खुर्चीतली माणसं पाय वर घ्यायची. ताईच्या लग्नाआधीची सहल ती. आई मोटारीत पडदे लावून बसली होती, मी डबा घेऊन खडकावर, आणि ताई पाण्याच्या कडेने चालत येते, थांबते, तुमच्याकडे बघून हसते. रिळाला आवाज नव्हता, म्हणून तुम्ही माइक घेऊन समोरच्या खुर्चीत बसून वर्णन करायचात. मला वाटलं होतं ते रीळ आता कपाटात जाईल. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तुम्ही तेच लावायला सांगितलंत.

मी काचेतून बघते आहे. समोर डॉक्टर, जजसाहेब, आणखी चार-दोन जण. तुमचा आवाज त्या खोक्यातून असा येतो की भिंत बोलते आहे असं वाटावं. "हे पातालपानी. ही आमची धाकटी, डबा सांभाळून आहे, त्यात कचोऱ्या होत्या." सगळे हसतात. ताई पडद्यावर येते. "मागे जो खडक दिसतो आहे तो बघा, काळा कुळकुळीत. पाण्याने कसा तासला आहे." ताई चालते आहे. तुम्ही खडकाचं सांगता आहात.

डॉक्टर साधा माणूस. तो म्हणाला, "आणि ही मोठी ना?"

"कोण?"

"ही, समोर. हसते आहे ती."

"कुठे?" तुम्ही म्हणालात, माइकवरच. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच आता चष्मा करून घ्या. मला तर बुवा पाणीच दिसतं आहे."

जजसाहेब मोठ्याने हसले. "क्या बात है!" म्हणाले. डॉक्टरही हसला, कारण बाकी सगळे हसले होते. पडद्याच्या मागे आई होती, आबा. तिला खोक्यातून सगळं ऐकू जात होतं.

पण तुम्हाला वाटलं होतं तसं झालं नाही. तुम्ही ताईला सगळ्यांच्या देखत पुसायला निघालात आणि आईला ती दर रविवारी भेटायला लागली. ताईच्या लग्नानंतर शेजारच्या बायका येईनाशा झाल्या होत्या, त्यामुळे माजघरात ती एकटीच. ती पडदा आधीपेक्षा जास्त भिजवायची. ताई चालत यायची तेव्हा तो पांढरा डाग वाटेत असायचा, आणि आई पाट सोडून उठून, डोकं कुठे न्यायचं ते आधीच ठाऊक असल्यासारखी, भिंतीला जाऊन टेकायची. तिथून ताईचं तोंड नीट दिसायचं. रीळ चालू असताना मी माजघरात डोकावून हे पाहिलेलं आहे. तुम्हीही पाहिलं असणार, कारण एका रविवारी सकाळी तुम्ही काळ्या जाड कापडाचा गठ्ठा आणून आईपुढे ठेवलात.

"याला चारी बाजूंनी दुमड घाला."

"कशाला?"

"पडद्यामागे लावायचं आहे. मागे जाणारा प्रकाश सगळा वाया जातो. हे लावलं की समोर चित्र खुलेल."

"मग आम्ही?"

"तुम्ही ऐका की. आवाजासाठी एवढा खोका केला आहे."

हे शास्त्राप्रमाणे खरंच होतं. चित्र खुललं. सगळ्यांनी वाहवा केली, आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "बायकांनी शिवलं आहे." मला तुमची सगळ्यांत मोठी भीती हीच वाटायची की तुम्ही कधी चुकीचं बोलत नव्हतात.

आई तरीही बसायची. माजघरात दिवा न लावता, काळ्या कापडाकडे तोंड करून. तुमच्या वर्णनातल्या कुठल्या शब्दाला ताई येते ते तिला पाठ झालं होतं; खडक आला की ती पदर सावरायची. सोमवारी सकाळी मला डबा भरून देताना, माझ्याकडे न बघता विचारायची, "काल हसली का गं?"

"हसली."

"पुरती हसली?"

"हो, आई."

"बरं." आणि डब्याचं झाकण दाबून लावायची.

माझ्या शाळेतल्या नन्स आपल्याकडे आल्या होत्या ते आठवतं? त्यांच्याकडे एका संताच्या चरित्राचं रीळ आलं होतं आणि यंत्र नव्हतं. तुम्ही काय थाट केलात! मदरसाठी तुमची स्वतःची खुर्ची, सिस्टर्सना पुढची रांग, तुम्ही मागे उभे. मला केवढा अभिमान वाटला. त्या गेल्यावर आई खुर्च्या पुसत होती. ती मदरच्या खुर्चीच्या पाठीवरून फडकं फिरवत म्हणाली, "त्याही बायकाच ना?" तुम्ही ऐकलंत. "त्या मॅडम लोक आहेत," म्हणालात. आई म्हणाली, "हो, बरोबर आहे," आणि पुसत राहिली.

पुढच्या रविवारी आई समोर येऊन बसली.

ती पडवीतून फिरून आली, कारण मधलं दार पडद्याने अडलेलं. डोक्यावरून पदर, महेश्वरी साडी. डॉक्टर त्या दिवशी आला नव्हता, त्याच्या रिकाम्या खुर्चीत. रीळ सुरू झालं होतं. मला काचेतून आधी कळेना की ते पांढरं डोकं कोणाचं. पडद्याच्या उजेडाने पदर पांढरा दिसत होता. तुमचा आवाज थांबला. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, आणि कचोऱ्यांवर सगळे हसायच्या आतच तुमचा हात वर गेला. मी दिवा बंद केला. चालू दिव्यापुढे फिल्म थांबली की जळते, म्हणून आधी दिवा आणि मग यंत्र, हे तुम्हीच शिकवलेलं. खोलीतले दिवे लागले. समोर नुसतं कापड.

आई म्हणाली, "थोडंच राहिलं होतं."

"काय राहिलं होतं?"

आईने पदर पुढे ओढला.

"नाही, सांगा ना. एवढ्या उठून समोर आलात. काय बघायचं राहिलं आहे तुमचं? जजसाहेबांनाही कळू दे."

मी काचेला नाक लावून उभी होते. माझ्या आयुष्यात मी कोणाच्या तोंडातून एखादा शब्द निघावा म्हणून इतकी वाट पाहिलेली नाही. ताईचं नाव, दोनच अक्षरांचं. आई खुर्चीचा हात धरून बसली होती. मग ती म्हणाली, "पाणी."

"पाणी?"

"पाणी बघायचं राहिलं."

"पाणी नळाला येतं," तुम्ही म्हणालात. "मोरीत जाऊन बघा."

ते हसले, आबा. सगळे हसले. आई उठली आणि पुन्हा पडवीतून फिरून आत गेली. तुम्ही माइकवर म्हणालात, "मंडळी, आजचा खेळ इथेच."

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा घेतलीत आणि थेटर सोडवायला बसलात. बांधायला वर्ष लागलं होतं, सोडवायला एक दुपार पुरली. मला शाळेत जाऊ दिलं नाहीत. धरायला कोणीतरी लागतं. पण तुम्ही मोडतोड केली नाहीत. तसं केलं असतंत तर मला तुमची कीव तरी आली असती. एकेक व्हॉल्व्ह काढून, कापूस लावून, कागदात गुंडाळलात. स्क्रू ज्या पट्टीचा त्या पट्टीला दोऱ्याने बांधलात. तार सोडवून तिची गुंडाळी केलीत. भिंतीतली काच काढून भोक विटांनी बुजवलंत, स्वतःच्या हाताने, आणि वर चुना. आई जेवायला वाढते आहे असं सांगायला आली तेव्हा तुम्ही माझ्या हातातला पेचकस घेत म्हणालात, "गव्हाच्या कोठ्या आत घ्या आता. तुमची जागा तुम्हाला परत."

"आणि रिळं?" आईने विचारलं. फक्त एवढंच.

"पातालपानीचं होय? ते सकाळी बंबात घातलं. तुमच्या अंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापलं."

आई त्या बंबाची राख भांडी घासायला वापरायची. त्या दिवसापासून तिने वापरली नाही. भांडी घासायला विटकरीची पूड आणली. राख ती पदरात भरून बागेत नेऊन ठेवायची, रोज, जणू रोज त्यात तेच असणार होतं. तुम्ही हे बघत होतात. खिडकीत बसून चहा पीत बघत होतात.

मग माझं लग्न झालं, मी इंदुरातच पलासियाला राहायला गेले, तुम्हाला झटका आला. डॉक्टर म्हणाला, डाव्या बाजूचं यांना आता काही दिसणार नाही, कोणी जवळ बसायचं तर उजवीकडे बसा. आईने मान डोलावली, आणि तिचा स्टूल तुमच्या पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवला. मी येईन तेव्हा ती तिथेच. तुम्ही "कुठे आहात? अहो, कुठे आहात?" करायचात, आणि ती हातभर अंतरावरून म्हणायची, "इथेच आहे." खाऊ घालायची, कूस बदलायची, अंग पुसायची, सगळं त्याच बाजूने. मी एकदा तिला म्हटलं, "आई, उजवीकडे बस ना, त्यांना दिसत नाहीस तू." ती म्हणाली, "मला इथून बरं दिसतं." शेवटपर्यंत तुम्हाला आईचा फक्त आवाज ऐकू येत होता. तुम्हाला ते कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. तुम्ही हळूहळू हाका मारायचं सोडून दिलंत.

आई तुमच्या आधी गेली. ताई महूहून आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली, कारण आत तुम्ही जिवंत होतात.

आता मी घर विकलं आहे, आणि माळा रिकामा करताना तुमचे सगळे खोके खाली आले आहेत. जसे बांधलेत तसे. दोरेसुद्धा कुजले नाहीत. आणि तळाच्या खोक्यात, गोल पत्र्याच्या डब्यात, पातालपानी.

तुम्ही जाळलं नव्हतं. आई ज्या स्वयंपाकघरात म्हातारी झाली, त्याच्या बरोबर वर ते सगळी वर्षं पडून होतं. डबा उघडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात गेला. फिल्म आकसली आहे, कडक झाली आहे, यंत्रात घातली तर तुकडे होतील. मी खिडकीपाशी उजेडात धरून भिंगाने एकेक चित्र पाहिलं. ताई आहे. हसते आहे, पुरती.

कोणी म्हणेल, शेवटी बापाचंच काळीज, हात धजला नाही. मी तसं म्हणणार नाही. मी तुमच्या हाताखाली काम केलं आहे. चांगला उतरलेला माल तुम्ही कधी फेकला नाहीत, आणि पाणी फार चांगलं उतरलं होतं. आईला राख वेचताना बघून एका शब्दाने थांबवता आलं असतं. तो शब्दही तुम्ही जपून ठेवलात.

ताई परवा आली होती, काठी टेकत, रिक्षावाल्याशी भांडूनच आत आली. खोक्यांकडे बघून म्हणाली, "अरे बाप रे, सगळं आहे! माझा हुंडाच म्हण की हा." मग स्पीकरच्या खोक्यावर काठी वाजवली. "हा दे मला. मस्त मुर्गीखाना होईल. आतमधे कापूस पण आहे, अंडी आरामात देतील."

"सागवान आहे ताई."

"मग? आबासाहेबांच्या घराण्यातल्या कोंबड्या आहेत त्या."

आम्ही खूप हसलो. आणि हसता हसताच ती म्हणाली, "एक सांग. तासाचा रस्ता होता. पोरं झाली माझी, एकदा पण आई आली नाही. तिला मी आठवत तरी होते का गं?"

तिने हे मला कधी विचारलं नव्हतं. मी तिला पडदा भिजवायचं सांगितलं, पांढऱ्या डागाचं, भिंतीला टेकायचं, काळ्या कापडाचं, सोमवारच्या डब्याचं. नळाचंही सांगितलं. ती ऐकत होती. बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे उलटी बघायची मला."

"हो."

"भांग दुसऱ्या बाजूला दिसत असेल." आणि तिने हात केसांकडे नेला. मग एकदम चिडून म्हणाली, "पाणी म्हणाली? माझं नाव नाही घेता आलं? पाणी?" रीळ आतल्या खोलीत होतं. तेव्हा मी ते बाहेर आणलं नाही. आईवरचा राग आधी तिला पुरता करू दे, असं वाटलं.

तर आता कोणाला काय ते सांगते, कारण तुम्हाला वस्तू कुठे गेली हे माहीत असायला हवं असायचं. प्रोजेक्टर सिमरोलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जातो आहे, काचेच्या कपाटात ठेवणार म्हणाले, आणि पाटीवर तुमचं नाव घालायचं का विचारलं. मी नको म्हटलं. महूच्या त्या कारकुनाचं घाला म्हटलं, त्यानेच मिळवला होता, आणि आता तोही नाही. व्हॉल्व्ह आणि अँप्लिफायर छावणीतल्या रेडिओवाल्याकडे, त्याच्याकडे अजून असल्या गोष्टींचे वेडे येतात. खोका ताईच्या कोंबड्यांना. पडद्याचं कापड माझ्या कामवाल्या बाईला. इतकं रुंद, बिनसांध्याचं, तिच्या घरी लग्न आहे, बिछायतीला होईल. काळं कापड कबाडीवाल्याच्या गाडीवर मी स्वतः टाकलं. रीळ ताईचं आहे. अशा फिल्मवरून एकेक चित्र उतरवून देणारी माणसं असतात म्हणे, त्यासाठी लागेल ते मी करीन. ती आधी शिव्या देईल आणि मग डबा छातीशी धरून नेईल. हे कागद कोणालाच द्यायचे नाहीत. ताईच्या हाती तर नाहीच.

एक राहिलं. तुम्ही कायम कॅमेऱ्यामागे असायचात, त्यामुळे कुठल्याच रिळात तुम्ही नाही असं मी समजत होते. पण त्या दिवशी ऊन तुमच्या पाठीवर होतं. ताई थांबून हसते तेव्हा खडकावर एक सावली पडली आहे, टोपी घातलेली, कोपरं बाहेर काढून उभी, तिच्या पावलांपर्यंत पोचलेली. इतक्या रविवारी भोकातून बघूनही मला ती दिसली नव्हती. ती चित्रं पुष्कळ आहेत, एकसारखी. त्यातली दोन-तीन कमी झाली तर ताईला कळणार नाही. बोटभर तुकडा मी कात्रीने कापून घेतला आहे. तो मी कोणाला देणार नाही.